पालक तुऱ्यावर का येतो?

व्याख्यानमालेत संतवाङ्मय, अर्थकारण, इतिहास या विषयांना मानाची जागा असते. भाजीपाल्याला ती सहसा मिळत नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. अंबरनाथच्या कामगार वस्त्यांत हिंडताना मला सर्वांत अधिक वेळा अडवून विचारला गेलेला प्रश्न बोनसचा नाही आणि ग्रॅच्युइटीचाही नाही. तो असा, की "भाऊ, दोन कापण्या झाल्या नाहीत तोच आमचा पालक दांड्यावर का गेला?" विचारणाऱ्या बहुधा बायका असतात. मागल्या दारी चार फुटांचा वाफा, नाही तर गच्चीत फळांचे रिकामे क्रेट, एवढीच त्यांची शेती. मी शाळा अर्धवट सोडलेला माणूस. प्रश्न सुटेना म्हणून पुस्तके मिळवून वाचली, आणि त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, तुऱ्यावर येणे म्हणजे काय? पालकाचे झाड तरुण असते तोवर त्याला खोड असे दिसतच नाही. सगळी पाने जमिनीलगत एका ठिकाणाहून फुटतात. मग एके दिवशी मधोमध एक दांडा उभा राहतो आणि हां हां म्हणता हात दीड हात चढतो. त्यावर बारीक हिरवट फुलांचे तुरे धरतात. नवी पाने लहान, टोकदार, चरबरीत निघतात आणि भाजीला चव राहत नाही. कांद्यात यालाच डेंगळे येणे म्हणतात. हा रोग नव्हे. झाडाने पाने करण्याचे काम थांबवून बी करण्याचे काम हाती घेतले, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा औषध फवारून तो थांबेल ही आशा सोडावी.

दुसरी गोष्ट बियांच्या दुकानात ध्यानात ठेवण्याची. पालक या एका नावाखाली दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. आपला रोजचा देशी पालक हा बिटाचा भाऊ आहे. त्याच्या देठाच्या बुडाशी आणि मुळाशी पुष्कळदा गुलाबी छटा दिसते ती त्या नात्याची. त्याचे जे खडबडीत बी आपण पेरतो ते खरे म्हणजे वाळलेल्या फळांचे गाठोडे असते. म्हणून एका बियातून दोन-दोन, तीन-तीन रोपे वर येतात. विलायती पालक तो वेगळा. त्याचे मूळ इराणकडचे. इसवी सन ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने तो चीनच्या सम्राटाकडे भेट म्हणून पाठवल्याची नोंद आहे, आणि चिनी लोक त्याला इराणची भाजी म्हणत. या विलायती पालकात नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात. नर आधी तुऱ्यावर येतात आणि लवकर संपतात. देशी पालकात हा भेद नाही. आपल्या हवेत विलायती टिकाव धरत नाही. पाकिटावर गोल गुळगुळीत पानांचे सुंदर चित्र पाहून तो आणू नये. आपल्याला देशीच बरा.

आता मूळ प्रश्न. झाडाला वेळ कळते कशी? याचे उत्तर सापडण्यास १९१८ साल उजाडावे लागले, आणि ते सापडले पालकावर नव्हे, तंबाखूवर. अमेरिकेच्या शेतकी खात्यात गार्नर आणि अॅलर्ड नावाचे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात अशी होती की उन्हाळाभर पुरुषभर उंच वाढे, पण फूल म्हणून धरत नसे. ऊन, पाणी, खत सगळे बदलून पाहिले; काही फरक नाही. शेवटी त्यांनी कुंड्या दुपारी चार वाजता अंधाऱ्या खोलीत लोटायच्या आणि सकाळी नऊला बाहेर काढायच्या, असा क्रम चालवला. दिवस लहान झाला आणि तंबाखू फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. झाडाला दिवसाची लांबी मोजता येते, असा त्याचा अर्थ. काही झाडे दिवस लहान झाला की फुलतात, काही मोठा झाला की फुलतात, आणि काहींना दोन्ही सारखे. पालक, देशी असो वा विलायती, मोठ्या दिवसाच्या गटातला आहे.

मला स्वतःला सर्वांत मौज वाटली ती नॉट या शास्त्रज्ञाच्या प्रयोगाची. त्याने १९३४ साली खुद्द पालकच हाती घेतला. दिवस मोजतो तो शेंडा की पाने, असा त्याचा सवाल होता. झाडाच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळ्या लांबीचा दिवस देऊन त्याने दाखवले की मोजणी पाने करतात. दांडा काढण्याचे काम शेंड्याचे, पण हुकूम पानांतून येतो. पानांतून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो हे त्यावरून उघड झाले. त्याच सुमारास रशियातील चैलाख्यान याने त्या निरोपाला 'फ्लोरिजेन' हे नाव दिले. तो निरोप म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे ठरायला मात्र २००७ साल यावे लागले. ते एक प्रथिन निघाले. दांडा झपाट्याने लांबतो तो जिबरेलिन नावाच्या दुसऱ्या द्रव्यामुळे. त्याचा शोध जपानात भाताची रोपे भलतीच उंच करणाऱ्या एका रोगाच्या अभ्यासातून लागला. कुरोसावा याने १९२६ साली त्याचा माग काढला.

दिवसाच्या लांबीच्या जोडीला थंडी आहे. बिटाच्या कुळात असे असते, की झाडाने काही दिवस थंडी खाल्ली की ते फुलण्यास पात्र होते, आणि मग दिवस वाढू लागले की दांडा काढते. खऱ्या बिटाला यासाठी पुष्कळ थंडी लागते. म्हणून आपल्या मैदानी मुलखात बिटाचे बी सहसा धरत नाही. देशी पालकाला मात्र थोडीशी थंडीही पुरते.

थंडीचा हा परिणाम जर्मनीत गास्नर याने १९१८ साली राय या धान्यावर दाखवला होता. पुढे रशियात लायसेंको याने त्याचा मोठा गाजावाजा केला. थंडी दिलेल्या गव्हाचा गुण पुढच्या पिढीत उतरतो असे तो सांगू लागला, आणि १९४८ साली त्याच्या मताविरुद्ध बोलणाऱ्या आनुवंशशास्त्रज्ञांची तोंडे सरकारी हुकमाने बंद झाली. त्याच्या आधीच, १९४३ साली, वाविलोव्हसारखा जगभरचे बियाणे गोळा करणारा थोर माणूस सारातोव्हच्या तुरुंगात मेला होता. जुन्या युनियन कचेऱ्यांच्या कपाटांत लायसेंकोची स्तुती करणारी पुस्तके अजून सापडतात. मी चळवळीतला माणूस आहे म्हणूनच हे स्पष्ट सांगतो: त्या पुस्तकांवरून शेती करू नये.

आता हे सगळे अंबरनाथला लावून पाहू. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर आहोत. आपला सर्वांत लहान दिवस डिसेंबरात सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. दिल्लीचा मोठा दिवस चौदा तासांपर्यंत जातो, लंडनचा साडेसोळाच्या वर. म्हणजे दिवसाच्या लांबीचा जाच आपल्याला त्यांच्याइतका नाही. पण समुद्रापासून आत असल्यामुळे अंबरनाथ-बदलापूरची हिवाळ्यातली रात्र मुंबईपेक्षा चांगलीच गार असते आणि मार्च लागला की दुपार तिच्यापेक्षा तापते. ऑक्टोबरात पेरलेल्या पालकाला डिसेंबर-जानेवारीची थंडी मिळते, संक्रांतीनंतर दिवस वाढत जातो, फाल्गुनात ऊन चढते. तिन्ही गोष्टी एकामागून एक येतात, आणि होळीच्या सुमारास घरोघरचे वाफे तुऱ्यावर जातात. त्यात आश्चर्य काहीच नाही.

आश्चर्य वाटते ते डिसेंबरातच तुरा आला म्हणजे. त्याची कारणे वेगळी, आणि ती बरीचशी आपल्या हातातली आहेत.

पहिले कारण बहुतेकांना ठाऊक नसते. ते म्हणजे रात्रीचा दिवा. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी एका काटेरी तणावर प्रयोग करून दाखवले की झाड खरे तर दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ उजेड पाडला की ती रात्र मोडते, आणि झाडाच्या हिशेबी ती लहान ठरते. हा उजेड टिपणारे रंगद्रव्य १९५९ साली हाती लागले. त्यासाठी सूर्याइतका प्रकाश लागत नाही, अंधुकसाही पुरतो. जपानात रस्त्याच्या दिव्यांलगतचा पालक आधी तुऱ्यावर येतो आणि भाताची लोंबी उलट उशिरा निसवते, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. आपल्या गावात तर कारखान्यांच्या फाटकांवर, यार्डांत आणि नव्या इमारतींच्या आवारांत रात्रभर झगझगाट असतो. आमच्या एका सभासदाच्या घरी एकाच पाकिटातले बी दोन क्रेटमध्ये पेरले होते. एक क्रेट मोरीच्या आडोशाला होता, दुसरा समोरच्या कंपनीच्या प्रखर दिव्याच्या तोंडाशी. दिव्यासमोरच्या क्रेटाने दोन आठवडे आधी दांडा काढला. एका घरातली ही गोष्ट पुरावा म्हणून पुढे करीत नाही. परंतु शास्त्र सांगते त्याच्याशी ती जुळते. उपाय साधा आहे. क्रेट भिंतीच्या सावलीत सरकवावा, किंवा संध्याकाळी सातला त्यावर जाड पोते टाकून सकाळी सातला काढावे. पोते काठ्यांवर तोलावे, पानांवर दाबू नये.

दुसरे कारण उपासमार. पालकाला तहान लागली, मुळांना जागा उरली नाही किंवा नत्र संपले, की झाड घाईला येते. मरण्यापूर्वी चार बिया टाकाव्यात असा त्याचा हिशेब. आपल्याकडे हे फार घडते, कारण पाकीट फाडून सगळे बी एकाच क्रेटात ओतण्याची सवय. त्यात एका बियाला दोन-तीन रोपे. मग सुईच्या टोकाएवढ्या जागेसाठी दहा जणांची मारामारी. बी रात्रभर पाण्यात भिजवून, वीतभर अंतरावरच्या ओळींत, बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोल टाकावे. आठ-दहा दिवसांत उगवते. रोपे चार पानांची झाली की विरळणी करून दोन रोपांत दोन-तीन बोटे जागा ठेवावी. उपटलेली रोपे आमटीत टाकावीत, वाया काही जात नाही. क्रेट किमान वीतभर खोल हवा आणि त्याच्या बुडाला पाणी निघून जाण्याची सोय हवी. जमिनीतल्या वाफ्याला हिवाळ्यात पाच-सात दिवसांनी पाणी पुरते. क्रेटाला रोज लागते. इथे अडचण माणसाची आहे. बारा तासांची पाळी आणि येण्याजाण्याचे दोन तास असे चौदा तास बाहेर असणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या घरी पाणी घालायचे कोणी? १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाचे काम नऊ तासांवर रोखले होते. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने ती मर्यादा बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. दिवस लांबला की काय होते हे पालकाला विचारा, असे मी द्वारसभेत म्हणतो. लोक हसतात, मी हसत नाही.

तिसरे कारण कापणीतली दिरंगाई. पेरल्यापासून साधारण पाच आठवड्यांनी पहिली कापणी येते. जमिनीपासून दोन बोटे ठेवून धारदार विळीने कापावे; मधला कोंब दुखवू नये. पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी कापणी करावी. पाने ठेवून दिली की ती जून होतात, आणि दिवसाची मोजणी पानेच करतात हे वर सांगितलेच. नेमाने कापलेला वाफा उशिरा तुरा धरतो, असा जुन्या लावणाऱ्यांचाही अनुभव आहे. प्रत्येक कापणीनंतर भूक भागवावी. मूठ-दोन मुठी गांडूळखत किंवा भिजवलेल्या पेंडीचे पाणी चांगले. युरियाच द्यायचा तर एक चौरस मीटर वाफ्याला चहाचा एक चमचा पाण्यात विरघळवून पुरे, सुमारे ५ ग्रॅम. जास्त घातल्याने पाने गर्द हिरवी दिसतात खरी, पण त्यांत नायट्रेट साठते, आणि ते लहान मुलांना चांगले नाही. दांडा एकदा दिसला की मात्र तो खुडून उपयोग होत नाही. बाजूने दुसरे फुटतात. ते झाड उपटावे आणि जागा मोकळी करावी.

जातीचाही फरक पडतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'ऑल ग्रीन' ही जात आपल्याकडे सर्वत्र मिळते. हिवाळ्यात ती सुमारे अडीच महिने तुऱ्यावर जात नाही. 'पुसा ज्योती'ची पाने जाड आणि रसाळ. 'पुसा हरित' ही साखरबीट आणि देशी पालक यांच्या संकरातून काढलेली, तुऱ्याला उशीर करणारी. सुट्या पुडीतले बिननावाचे बी स्वस्त पडते, पण ते कोणत्या झाडाचे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

तरीही तुरा कायमचा टाळता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. कारखाना जसा एका पाळीवर चालत नाही तसा पालकही एका पेरणीवर चालवू नये. पहिली पेरणी नवरात्रात, दुसरी दिवाळीत, तिसरी मार्गशीर्षात आणि शेवटची संक्रांतीच्या आसपास. चार क्रेट असतील तर प्रत्येकाला एक पाळी. पहिला थकून दांड्यावर जातो तेव्हा तिसरा भरात असतो. आश्विन ते फाल्गुन घरात भाजी राहते.

येथे कोणी विचारील, की रुळांलगत बारमाही पालक दिसतो, तो कसा तुऱ्यावर येत नाही? 'अधिक धान्य पिकवा' या मोहिमेच्या नावाने रेल्वेने पुढे आपल्या कर्मचाऱ्यांना रुळांशेजारची जमीन भाजीसाठी देण्याची योजना चालवली, आणि मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात पालक, माठ, मुळा यांचे मळे उभे राहिले. ते लोक पालक कापत नाहीत. महिन्याभरात मुळासकट उपटून जुडी बांधतात आणि वाफा पुन्हा पेरतात. तुऱ्यापर्यंत पोहोचण्याची सवडच झाडाला मिळत नाही. दांड्याचा प्रश्न विकणाऱ्याचा नाही, घरी पुनःपुन्हा कापून खाणाऱ्याचा आहे.

मग घरी लावण्याचा खटाटोप कशाला, दहा-वीस रुपयांत जुडी मिळते की? याचे उत्तर पाण्यात आहे. आपली वालधुनी काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून येते. तिथे इंग्रजी अमदानीत रेल्वे कंपनीने बांधलेला जी. आय. पी. तलाव आहे. तेथून ती १०६० सालच्या आपल्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते. मंदिराशी नदी असलेली ही वालधुनी पुढे नाला होते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर तिच्या पात्रात टँकरने रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरात शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल जबाबदार संस्थांना दंड ठोठावला. अशा नाल्यांचे पाणी भाजीला मिळाले तर पालक ही त्यांतली सर्वांत वाईट भाजी. पालकाचे कूळ कॅडमियमसारखे जड धातू मुळांतून ओढून पानांत साठवण्यात पटाईत आहे. पानावर बसलेली धूळ आणि जंतू धुऊन जातात. मुळांवाटे पानात गेलेला धातू मिठाच्या पाण्यानेही निघत नाही आणि शिजवूनही जात नाही. जमीन जितकी आंबट तितका तो अधिक शोषला जातो. मळेवाल्याला दोष देऊन भागणार नाही. त्याला स्वच्छ पाणी कोणी दिले आहे? दोष पाण्यात घाण सोडणाऱ्यांचा आहे. पण तो निकाल लागेपर्यंत पोरांच्या पानात काय वाढायचे, हा आजचा प्रश्न आहे, आणि नळाच्या पाण्यावर वाढलेले दोन क्रेट त्याचे थोडेसे उत्तर आहे. माती मात्र कारखान्याच्या मागची किंवा नाल्याकाठची आणू नये. रंगाचे, रसायनाचे जुने डबे कुंडी म्हणून वापरू नयेत. भंगारबाजारात ते स्वस्त मिळतात म्हणून हे मुद्दाम सांगतो. माती आंबट असेल तर पालक पिवळा पडून खुजा राहतो. मूठभर विरलेला चुना पेरणीपूर्वी मिसळावा.

पालकाच्या लोहाविषयी फार अतिशयोक्ती चालते. शंभर ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते, आणि त्यातले थोडेच अंगी लागते. त्यावर लिंबू पिळले तर अधिक लागते. डाळ-दाणे घालून ताकातली पातळ भाजी करणाऱ्या आपल्या आज्या शहाण्याच होत्या, पण पंडुरोगावर केवळ पालक पुरेल असे समजू नये. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात.

बी घरचे धरावे का? धरावे, पण एक पथ्य आहे. बहुतेक लोक जे झाड आधी तुऱ्यावर आले तेच बियाला राखतात, कारण ते खाण्याच्या कामाचे राहिलेले नसते. असे चार-पाच वर्षे केले की आपण नकळत घाईची जात तयार करतो. प्रत्येक वर्षी तुरा आणखी लवकर. पहिले घाईचे झाड दिसताच उपटून टाकावे, आणि सर्वांत शेवटी जी पाच-सहा झाडे दांडा काढतील ती राखावीत. एकच राखू नये. पालकाचा पराग वाऱ्याने उडतो आणि एकटे झाड नीट बी धरत नाही. शेजारी बीट फुलावर असेल तर संकर होईल, हेही लक्षात असू द्यावे. तुरे पिवळसर तपकिरी झाले की कापून सावलीत वाळवावे आणि हाताने चोळून बी घट्ट डब्यात ठेवावे.

सध्या वैशाख चालू आहे. आज घरी जाऊन पालक पेरू नका. आता दिवस मायाळूचे आहेत. तिचा स्वभाव पालकाच्या नेमका उलट. ती लहान दिवसाला फुलते, म्हणून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नुसती पाने देत राहते आणि थंडीत फुलावर जाते. लाल माठही या उन्हाला डगमगत नाही. पावसात शंभर इंच पाणी कोसळते तेव्हा क्रेट पालथे घालावेत आणि ठाकूर-कातकरी बायका स्टेशनाबाहेर टाकळा, कुरडू, भारंगी घेऊन बसतात ती घ्यावी. पालकाचे पाकीट गौरी-गणपती उलटून गेल्यावर आणावे आणि आणताना त्यावरची बियाणे तपासल्याची तारीख वाचून घ्यावी.